पडलेलं लाकूड, जुळलेल्या फांद्या

सह्याद्रीतल्या बऱ्याच देवरायांमध्ये एक जुना नेम आहे. झाड तोडायचं नाहीच, पण वाऱ्याने मोडून पडलेली फांदीही घरी न्यायची नाही. देवाचं लाकूड देवाच्याच आवारात कुजायचं. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईने वाटेत आयता पडलेला वाळका ओंडका पाहायचा आणि त्याला हात न लावता पुढे जायचं, हा नेम पाळायला काही सोपा नव्हता. तरी पिढ्यान्‌पिढ्या तो पाळला गेला. भीमाशंकरच्या रानात आज जे जे थक्क करणारं आहे, त्यातलं बरंचसं या न उचललेल्या लाकडावर जगतं.

पुण्याहून भीमाशंकर शंभर-सव्वाशे किलोमीटर. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून सगळ्या देशाला ठाऊक, भीमेचा उगम म्हणून पंढरीच्या वारकऱ्याला ठाऊक. देवळाभोवतीच्या रानाला १९८५ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे १३१ चौरस किलोमीटर. बहुतेक पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव आणि खेड तालुक्यांत, थोडं कोकणाच्या बाजूला ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत. देशातल्या मोठमोठ्या व्याघ्रप्रकल्पांपुढे हा आकडा अगदी लहान आहे. पण एवढ्या जागेत दिवसा झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी दीड-दोन किलोची खार राहते, पावसाळी रात्री हिरवट उजेड देणारं लाकूड सापडतं, आणि अमावास्येच्या अंधारात रंग ओळखणारा भुंगाही राहतो. या तिघांना दोनच गोष्टी हव्यात. वर फांदीला फांदी टेकलेली हवी, आणि खाली पडलेलं लाकूड कुणी उचलता कामा नये.

आधी थोडं हे रान उभं आहे त्या जागेबद्दल.

पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भीमाशंकरच्या माथ्यावर तो तीन हजार मिलिमीटरच्या घरात जातो. मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे धरणाच्या कडेने वर चढताना हा फरक डोळ्यांना दिसत जातो. आधी बाभळी-बोरींचे माळ, मग भाताची खाचरं, मग एका वळणानंतर रस्त्यावर गार, ओलसर सावली. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून या उभ्या कड्यांना धडकतात, वर उचलले जातात, थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. पलीकडे पुण्याकडे जातं ते उरलंसुरलं. कडे काळ्या बेसाल्टचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, त्यातून हे दख्खनचं पठार घडलं. वरची माती लाल, जांभ्याची, बऱ्याच ठिकाणी पातळ.

समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपासच्या या माथ्यावर सदाहरित रान आहे, पण केरळ-कर्नाटकातल्यासारखी गगनाला भिडणारी झाडं इथे नाहीत. आषाढातला वारा झाडांना फार वर जाऊ देत नाही. अंजनी, जांभूळ आणि पिसा ही इथली मुख्य झाडं. त्यांच्या जोडीला पारजांभूळ, हिरडा, आंबा, फणशी. उंची बेताची असल्यामुळे ही झाडं आडवी पसरतात आणि एकाची फांदी दुसऱ्याच्या फांदीत शिरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंजनी फुलते तेव्हा फुलं पानांआड, थेट फांद्यांनाच लगडतात. बारीक, निळसर जांभळी, इतकी दाट की खालची साल दिसत नाही. खोडांवर शेवाळ, शेवाळात नेचे, नेच्यांच्या शेजारी आमरीसारख्या ऑर्किडची मुळं हवेत लोंबत असतात. वेलींमध्ये गारंबीचा वेल सगळ्यांत दांडगा. त्याचं खोड माणसाच्या मांडीएवढं जाड होतं आणि शेंग मीटरभर लांब.

या जुळलेल्या फांद्यांच्या छपरावर शेकरू राहतं.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, हे शाळेच्या पुस्तकात असतं. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र पहिला धक्का आकाराचा बसतो. अंगणातली खार डोळ्यांपुढे ठेवून गेलेल्या माणसाला फांदीवर एकदम मांजराएवढं जनावर दिसतं. अंगाची लांबी एक फुटाहून बरीच जास्त, शेपटी त्याहून लांब, दोन फुटांपर्यंत. पाठ तांबूस तपकिरी, पोट मलईच्या रंगाचं, कान गोल, शेपटी झुपकेदार. उन्हात एवढं उठून दिसणारं जनावर दाट पालवीत शिरलं की दिसेनासं होतं, कारण तिथलं ऊनच तुकड्यातुकड्यांनी खाली येतं आणि तपकिरी, पिवळट, काळसर असे ठिपके पाडत जातं. एकाच रंगाचा प्राणी त्यात लगेच ओळखू आला असता.

खाताना त्याला जवळून पाहावं. शेकरू मागच्या पायांनी फांदी घट्ट धरतं आणि फांदीच्या एका बाजूला डोकं-छाती खाली सोडतं. दुसऱ्या बाजूला शेपटी लोंबत असते. ती शोभेला नसते. पुढच्या अंगाचा भार तिने पेललेला असतो, म्हणून पुढचे दोन्ही पंजे मोकळे राहतात. त्या पंजांचा तळवा रुंद आणि मऊ असतो. त्यात फळ धरायचं, फिरवायचं, साल दातांनी सोलून टाकायची आणि हवा तेवढा भाग खाऊन उरलेलं सोडून द्यायचं. झाडाखाली उभं राहिलं तर टप्‌टप्‌ आवाज येत राहतो. खाली पडलेल्या फळांवर भेकर आणि पिसोरी टपलेलीच असतात. पिसोरी म्हणजे जेमतेम फूटभर उंचीचं, अंगावर पांढरे ठिपके असलेलं हरणासारखं जनावर, तेही रात्री हिंडणारं. वरच्याने टाकलेलं खालचा खातो, अशी ही सोय आहे.

फळं मात्र बाराही महिने नसतात. तेव्हा शेकरू पानं, फुलं, कळ्या आणि झाडाची सालसुद्धा खातं. प्राण्यांचं हे रोजचं खाणं वर्षभर मागोवा घेत टिपायचं म्हणजे अंत पाहणारं काम. रेनी बोर्जेस या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात शेकरूच्या आहारावर पीएच.डी. केली. भीमाशंकरचं रान त्यांच्या अभ्यासाच्या जागांपैकी एक होतं. कुठल्या झाडाला कधी काय येतं आणि शेकरू त्यातलं काय निवडतं, हे समजून घ्यायचं तर आधी सगळ्या रानाचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. पुढे बोर्जेस बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या आणि भीमाशंकरशी त्यांचं नातं टिकलं. ते भुंग्याच्या गोष्टीत पुन्हा येईल.

घरटं हा शेकरूचा दुसरा चमत्कार. पानं असलेल्या डहाळ्या तोडून, एकमेकींत गुंफून ते उंच झाडावर गोल घरटं करतं, आणि एकावर थांबत नाही. एकाच शेकरूची अनेक घरटी असतात. काही झोपायला, एखादं पिल्लाला. जागा निवडण्यात त्याची अक्कल दिसते. घरटं फांदीच्या बारीक टोकाकडे असतं, जिथे बिबट्यासारखं जड जनावर पोचलं तर फांदीच मोडेल. आणि ज्या झाडावर घरटं असतं, त्याच्या फांद्या शेजारच्या झाडांना टेकलेल्या असतात. धोका आला तर पळायला वाटा हव्यात ना! एका उडीत शेकरू सहा मीटर, म्हणजे वीस फुटांच्या आसपास अंतर कापतं. जमिनीवर ते क्वचितच उतरतं. खाणं, झोपणं, जोडीदार शोधणं, पिल्लं वाढवणं, सगळं वरच.

या प्राण्याच्या इथल्या रूपाला शास्त्रीय नाव मिळालं ते दख्खन हिंडून पाहिलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी. १८२४ मध्ये त्याच्याकडे दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचं काम आलं. लोक, शेती, हवामान यांच्या नोंदी करता करता त्याने इथले प्राणी-पक्षीही टिपले, आणि १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनला प्रसिद्ध केली. तीत या शेकरूला त्याने ‘एल्फिन्स्टोनी’ नाव दिलं, मुंबईचा गव्हर्नर राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनवरून. भीमाशंकरच्या शेकरूच्या उपजातीला ते नाव आजही वापरलं जातं. इथल्या महादेव कोळ्यांच्या पोरांना मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ते ‘शेकरू’ म्हणूनच ठाऊक होतं.

आता छपरावरून खाली, जमिनीवर.

जून-जुलैत पावसाची झड लागली की रानाचा तळ चिंब भिजतो. पाचोळ्याचा थर, पडलेल्या डहाळ्या, आडवे झालेले जुने ओंडके, सगळ्यांत पाणी मुरतं. आणि मग दाट अंधाराच्या रात्री त्यातल्या काही काटक्या उजेड देऊ लागतात. फिकट, हिरवट, स्थिर. काजव्यासारखा तो लुकलुकत नाही. टॉर्च लावली की काहीच दिसत नाही, साधं ओलं, काळं लाकूड. टॉर्च विझवून दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दिली, की आधी एक रेघ दिसते, मग दुसरी, मग लक्षात येतं की पायाजवळची अख्खी फांदी उजळलेली आहे. छायाचित्रांत ते रान हिरवंगार पेटल्यासारखं दिसतं, कारण कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवलेली असते. डोळ्यांना दिसतो तो उजेड कितीतरी मंद असतो. मला तो मंदच जास्त विलक्षण वाटतो, कारण आपण जिला मेलेली म्हणतो ती काटकी किती जिवंत आहे हे तो सांगत असतो.

उजेड लाकडाचा नसतो, लाकडात शिरलेल्या बुरशीचा असतो. उजेड देणाऱ्या बुरशांपैकी पुष्कळशा मायसिना या प्रजातीतल्या आहेत. बुरशीचे कापसासारखे बारीक धागे लाकडाच्या आत पसरतात आणि ते पचवतात. लाकूड पचवणं हे फार अवघड काम आहे. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन हे द्रव्य फोडणं बहुतेक जीवांना जमत नाही. ते काम मुख्यतः बुरशाच करतात. त्या नसत्या तर रानात पडलेलं प्रत्येक खोड तसंच पडून राहिलं असतं, आणि त्यात अडकलेलं नायट्रोजन, फॉस्फरस मातीला परत मिळालं नसतं. भीमाशंकरच्या पातळ मातीवर एवढं दाट रान उभं राहतं, त्यात या कुजण्याचा मोठा वाटा आहे.

उजेड तयार कसा होतो, हे कोडं जुनं आहे. १६६७ मध्ये रॉबर्ट बॉइलने चमकणाऱ्या लाकडाचा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवून त्यातली हवा पंपाने काढली. उजेड गेला. हवा परत सोडली, उजेड परत आला. ऑक्सिजनचं नावही तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, पण या उजेडाला हवा लागते एवढं त्या एका प्रयोगाने कळलं. त्यामागची रासायनिक साखळी पूर्ण उलगडायला २०१८ साल उजाडलं. बुरशी कॅफिक आम्ल या साध्या द्रव्यापासून हिस्पिडिन बनवते, हिस्पिडिनपासून लुसिफेरिन. एका विकराच्या मदतीने लुसिफेरिनचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्यातून सुटलेली ऊर्जा उष्णता न होता प्रकाश होऊन बाहेर पडते. उरलेलं द्रव्य पुन्हा कॅफिक आम्लात बदलतं आणि चक्र परत सुरू. कॅफिक आम्ल जवळजवळ सगळ्या वनस्पतींमध्ये असतंच. म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी बुरशीची ही जनुकं तंबाखूच्या रोपात घातली, आणि रोपं आपोआप चमकू लागली.

उजेड कशासाठी, याचं एक उत्तर ब्राझीलमधून आलं आहे. तिथल्या एका चमकणाऱ्या अळिंबीवर झालेल्या अभ्यासात (२०१५) असं दिसलं की तिचा उजेड दिवसरात्रीच्या घड्याळावर चालतो, रात्री वाढतो, आणि कीटक त्याकडे ओढले जातात. दाट रानात वारा तळापर्यंत पोचत नाही. तिथे बीजाणू पसरवायला कीटकांचे पाय उपयोगी पडतात. अर्थात सगळ्याच चमकणाऱ्या बुरशांचं कारण एकच असेल असं नाही.

पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, याच डोंगररांगांत काजवे निघतात. पुण्या-मुंबईची माणसं ते पाहायला राजमाची, भंडारदऱ्यापर्यंत जातात. काजव्याच्या उजेडातल्या द्रव्यालाही लुसिफेरिनच म्हणतात, पण ते द्रव्य अगदी वेगळं आहे. कीटकांनी आणि बुरशांनी उजेड स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वाटांनी शोधून काढला. झाडावर लुकलुकणारा काजवा पाहताना हेही ध्यानात ठेवावं, की त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या रूपात ओल्या मातीत आणि पाचोळ्यात जातो. तिथे ती गोगलगाई आणि तसलेच मऊ अंगाचे जीव खाते. पाचोळा जाळला, की पुढच्या वर्षीचे काजवेही त्यात गेले.

आणि आता तो भुंगा.

आपण ज्याला भुंगा म्हणतो तो काळा, जाड, घोंघावत येणारा कीटक म्हणजे सुतारमाशी, मधमाशीची मोठी चुलत बहीण. लाकूड कोरणारा भुंगा कमळाची पाकळी मात्र कोरत नाही, आत अडकून बसतो, अशी आपल्याकडची जुनी कल्पना. कमळाचं काही असो, लाकडाचं खरं आहे. मादी वाळक्या, मेलेल्या लाकडात जबड्याने गोल बोगदा कोरते आणि त्यात परागाचे गोळे ठेवून एकेक अंडं घालते. भीमाशंकरला अशा भुंग्यांच्या तीन जाती एकाच रानात राहतात. झायलोकोपा ल्यूकोथोरॅक्स दिवसा उडते. झायलोकोपा टेन्युइस्कॅपा दिवसाही उडते आणि चांदण्या रात्रीही. तिसरी, झायलोकोपा ट्रँक्वेबॅरिका, खरीखुरी निशाचर आहे. चंद्र नसलेल्या रात्री, फक्त ताऱ्यांच्या उजेडातही ती उडते.

यात एवढं काय, असं वाटेल. पतंगही रात्री उडतात. फरक डोळ्यांत आहे. रात्री उडणाऱ्या पतंगांच्या संयुक्त डोळ्यांत अनेक भिंगांमधून आलेला प्रकाश एकाच ठिकाणी गोळा होतो, त्यामुळे अंधुक उजेडही पुरतो. मधमाशी-भुंग्यांच्या डोळ्यांत तशी सोय नाही. प्रत्येक भिंगामागे स्वतःची वेगळी कोठडी, आणि त्या कोठडीत येईल तेवढाच प्रकाश. तो डोळा भर उन्हासाठी घडलेला आहे. ट्रँक्वेबॅरिकाने तोच डोळा अंधारात नेला. तिचे डोळे मोठे, त्यातली भिंगं मोठी, कपाळावरचे तीन साधे डोळेही मोठे. तरीसुद्धा एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. आत येणारा तुटपुंजा प्रकाश मेंदू साठवून, जमवून वापरत असावा असं संशोधकांना वाटतं.

हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे एरिक वॉरंट व आल्मुट केल्बर यांनी भीमाशंकरच्या रानात या भुंग्यांच्या घरट्यांपाशी रात्री काम केलं. घरट्याच्या तोंडाशी रंगीत खुणा ठेवायच्या, भुंग्याला त्यांची सवय होऊ द्यायची, मग खुणांच्या जागा बदलायच्या आणि परतणारी मादी कुठे वळते ते पाहायचं. मादी सवयीच्या रंगाकडे वळली, ताऱ्यांच्या उजेडातसुद्धा. तेवढ्या अंधारात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. आपल्याला सगळं करड्या छटांमध्ये दिसतं. आपण त्या घरट्यापाशी उभे राहिलो तर आपल्याला एक काळा ओंडका दिसेल, भुंग्याला रंग दिसतील. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. जगात रात्री रंग पाहणारे म्हणून सिद्ध झालेले प्राणी तोपर्यंत फार थोडे होते, आणि त्यांत एकही मधमाशीच्या कुळातला नव्हता.

रात्री जाऊन या भुंग्यांना मिळतं काय, तर फुलं. वारस हे इथलं उंच झाड. त्याची पांढरी, सुवासिक फुलं रात्री उमलतात. २००१ मध्येच सोमनाथन आणि बोर्जेस यांनी दाखवून दिलं होतं की वारसाचं परागीभवन रात्री टेन्युइस्कॅपा हा भुंगा करतो. वाळक्या ओंडक्यात भुंगा, भुंग्यामुळे वारसाला शेंग, शेंगेतून पंख असलेलं बी, बियांतून पुढचं झाड. सरपण म्हणून तो ओंडका कुणाच्या चुलीत गेला, तर पुढचं सगळं तिथेच थांबतं.

देवराईच्या नेमाकडे मी याच नजरेने पाहते. भीमाशंकरच्या परिसरात, आहुपे आणि आजूबाजूच्या गावांत, अशा देवराया आहेत. त्यांची पद्धतशीर नोंद घेण्याचं मोठं काम पुण्यातूनच झालं. मूळचे पुण्याचे माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वा. द. वर्तक या दोघांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९७६ मध्ये त्यावरचा त्यांचा निबंध जगापुढे आला. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी देवराईच्या हद्दीत जुन्या रानाचे नमुने कसे टिकून राहिले, हे त्यातून लोकांना कळलं. लाकूड उचलायचं नाही हा नेम घालणाऱ्याला बुरशी आणि भुंग्याचं हे गणित ठाऊक असण्याचं कारण नाही. पण शेकडो वर्षं एका जागेतून काहीच बाहेर गेलं नाही, तर तिथे काय काय साठतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

इथल्या माणसांचं रानाशी नातं नुसतं भक्तीचं नाही, पोटाचंही आहे. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांना उन्हाळ्यात रोख पैसा मिळवून देणारी वस्तू म्हणजे हिरडा. फळ पूर्ण वाढण्याआधीच उतरवून वाळवलं की तो बाळहिरडा. औषधासाठी त्याला मागणी असते. अंगणात, दगडांवर, घराच्या छपरावर पसरलेला हिरडा वाळताना आधी हिरवा, मग काळपट होत जातो. पैसा देणारं झाड कुणी तोडत नाही, म्हणून बांधावर आणि रानाच्या कडेला हिरडे उभे राहिले, आणि शेकरूलाही तेवढेच पूल मिळाले. अभयारण्याच्या नियमांत या माणसांचे हक्क नीट बसवणं, हे मला शेकरू वाचवण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यांच्याशिवाय हे रान इथवर पोचलंच नसतं.

कारवीला वगळून भीमाशंकर सांगता येत नाही. डोंगरउतारावर माणसाहून उंच वाढणारं हे झुडूप सहा-सात वर्षं नुसतं पानांचं असतं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी उतारावरची सगळी कारवी एकदम फुलते, जांभळ्या-निळ्या फुलांनी, आणि बी धरून सगळी एकदम मरते. एकाच वेळी एवढं बी जमिनीवर येतं की खाणाऱ्यांनी कितीही खाल्लं तरी बरंच उरतं. अशा एकगठ्ठा बहरामागे हे कारण मानलं जातं. वाळलेली बोंडं पुढच्या पावसाची वाट पाहत झुडपावरच राहतात, आणि ओल लागली की फटाफट फुटून बी उडवतात. कारवीच्या वाळलेल्या काठ्यांचे कुड विणून त्यावर शेणमाती लिंपायची, ही इथल्या घरांची जुनी रीत. वेगवेगळ्या डोंगरांवरच्या कारवीच्या बहराची वर्षं मात्र वेगळी असतात.

बिबट्या, सांबर, तरस, उदमांजर, खवल्या मांजर, वानरं, सगळी इथे आहेत, पण दिवसाच्या पाहुण्याला त्यांतलं वानराखेरीज फारसं कुणी भेटत नाही. ऐकू येतो तो शीळकरी कस्तूर. गडद निळा, कबुतराहून लहान पक्षी. पाऊस सुरू झाला की ओढ्याकाठी बसून तो इतकी माणसासारखी, लांबलचक, वळणावळणाची शीळ घालतो की नवखा माणूस मागे वळून पाहतोच. पावसाळ्यात वेलींवर हिरवा चापडा स्वस्थ बसलेला असतो, इतका स्वस्थ की हात लागेपर्यंत कळत नाही; म्हणून वाट सोडून झुडपात हात घालू नये.

रात्रीच्या उजेडाची छायाचित्रं गेल्या काही वर्षांत फार पसरली, आणि ती पाहायला जाणारेही वाढले. अभयारण्यात अंधार पडल्यावर परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि हा नियम योग्यच आहे. शंभर माणसांच्या बुटांखाली कुजकं लाकूड किती रात्री टिकेल? उजेड देणारी काटकी खिशात घालून आणणारेही असतात. घरी आणल्यावर ती सुकते आणि विझते, आणि रानातली तेवढी बुरशी जाते.

त्याहून मोठा प्रश्न वरचा, फांद्यांचा. पश्चिम घाट तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळच्या डोंगरमाथ्यांवर उभारलेल्या पवनचक्क्यांचा आणि त्यांच्यासाठी डोंगर कापून केलेल्या रस्त्यांचा उल्लेख आहे. श्रावणात आणि महाशिवरात्रीला लाखांनी येणाऱ्या भाविकांसाठी रस्ते, वाहनतळ, दुकानं वाढतात. लोकांना सोय हवी, हे खरंच. पण शेकरूची उडी सहा मीटरची आहे. रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडं ठेवली, तर फांद्या वर एकमेकींना टेकतात आणि ते खाली न उतरता पलीकडे जातं. दोन गाड्या सुटसुटीत जाव्यात म्हणून कडेची झाडं काढली, की पलीकडची फांदी दहा-बारा मीटरवर जाते. मग शेकरूला एकतर जमिनीवर उतरून डांबर ओलांडावं लागतं, कुत्र्यांच्या आणि चाकांच्या मधून, नाहीतर अलीकडच्या तुकड्यातच राहावं लागतं, आणि तिथली फळं संपली की सालीवर भागवावं लागतं. रस्त्याची आखणी करताना रुंदीसोबत वरच्या फांद्यांमधलं अंतरही मोजायला हवं. ते जमिनीवर उभं राहून, मान वर करून, एका टेपने मोजता येतं.